वॉटर लिलीची मुळं चिखलात श्वास कसा घेतात, आणि त्यावरून कुंडी कशी भरायची

नेरूळ, वाशी, सानपाडा, तिकडे बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, जिथे जिथे रो हाउसला मागे थोडं अंगण आहे तिथे बऱ्याच जणांनी छोटं पॉन्ड केलंय, कोणी सिमेंटचं टाकं, कोणी नुसता खड्डा करून त्यात लायनर म्हणजे पाणी न झिरपणारं जाड कापड, आणि त्यात गप्पी नाहीतर गोल्डफिश. मासे रुळले की पुढचा विचार हमखास वॉटर लिलीचा येतो. मग नर्सरीतून रोप येतं आणि आपण बाल्कनीतल्या कुंडीला जे मिश्रण वापरतो तेच, म्हणजे कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी लाल माती, त्या कुंडीत भरून ती पाण्यात सोडतो. थोड्या दिवसांत कोकोपीट वर तरंगायला लागतं, पाणी हिरवं होतं, कुजका वास येतो, आणि सगळे म्हणतात लिली अवघड झाड आहे. लिली अजिबात अवघड नाहीये, फक्त तिच्या मुळांना कुठल्या परिस्थितीत राहावं लागतं हे एकदा नीट समजून घ्यायला हवं, मग माती, खत, खोली सगळं आपोआप कळतं.

तर मुद्दा हवेचा आहे. साध्या कुंडीत मातीच्या कणांमधे हवा असते आणि मुळं तिथून ऑक्सिजन घेतात. पाण्याखाली गेलेल्या मातीत ही जागा पाण्याने भरते, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा साधारण दहा हजारपट हळू पसरतो. वरून जो काही थोडा पोचतो तो वरच्या थरातले जिवाणूच संपवतात, खाली चिखलात जवळजवळ शून्य. आपलं तुळशीचं रोप असं बुडवलं तर मुळं कुजून मरेल. लिली मरत नाही कारण तिने हवा वरून खाली न्यायची सोय केलेली आहे. पानाचा देठ आडवा कापून बघा, आत मोठमोठ्या पोकळ नळ्या दिसतील, भिंग वगैरे काही लागत नाही. पानांची श्वसनछिद्रं बहुतेक झाडांना खालच्या बाजूला जास्त असतात, हिची तरंगणाऱ्या पानाच्या वरच्या बाजूला असतात कारण खालची बाजू पाण्याला टेकलेली. म्हणजे पान हवेतून हवा घेतं आणि देठातल्या नळ्यांतून ती गड्ड्यापर्यंत आणि मुळांपर्यंत जाते.

यातली सगळ्यात भारी गोष्ट 1980 साली कळली. जॉन डेसी या शास्त्रज्ञाने पिवळ्या वॉटर लिलीवर, म्हणजे आपल्या लिलीच्या नात्यातल्या नुफर या झाडावर, काम करून दाखवलं की तिच्यात हवा नुसती झिरपत नाही तर चक्क वाहते. कोवळी पानं उन्हात तापतात, त्यांच्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की आत आलेल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडासा वाढतो, ही हवा देठातून खाली गड्ड्यात ढकलली जाते आणि मग जुन्या पानांच्या देठांतून वर येऊन बाहेर पडते कारण जुन्या पानांत तो दाब टिकत नाही. एका पानातून दिवसाला 22 लिटरपर्यंत हवा अशी आत गेलेली त्याने मोजली. परत येताना ती हवा चिखलातला कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनही सोबत घेऊन येते. कुठलाही पंप नाही, नुसतं ऊन. मला हे वाचल्यापासून लिलीचं पान साधं वाटतच नाही.

आता यावरून कुंडी. गांडूळखत, शेणखत, कोकोपीट हे सगळं सेंद्रिय आहे, आणि हवा नसलेल्या चिखलात ते घातलं की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, जो मुळांना आणि माशांना दोघांनाही विष आहे. म्हणून लिलीला हवी जड चिकण माती, ज्यात पालापाचोळा जवळजवळ नसतो आणि जी तरंगत नाही. पनवेल-उरणकडे कोणाचं भातशेत असेल तर तिथली माती उत्तम. नर्सरीतली लाल मातीही चालते, फक्त खत न मिसळलेली मागून घ्यायची. कुंडी उंच नको, पसरट टब घ्या. वरून दोन बोटं जाड वाळू किंवा खडी पसरायची म्हणजे मासे माती उकरत नाहीत, पण रोपाचा कोंब मात्र खडीच्या वर मोकळा राहिला पाहिजे.

लावताना रोप कुठलं आहे ते बघा. आडवा गड्डा असेल, म्हणजे थंड देशांतल्या हार्डी जाती, तर तो टबच्या कडेला तिरका ठेवायचा, कोंब मध्याकडे, कारण तो सरपटत पुढे वाढत जातो. छोटा गोल कंद असेल, म्हणजे ट्रॉपिकल, तर बरोबर मध्ये. आपल्याकडे बर्फ पडत नाही त्यामुळे दोन्ही चालतात, ट्रॉपिकलला तर हे हवामान घरचंच आहे, फक्त डिसेंबर-जानेवारीत थोडी मंदावते. मला विचाराल तर पहिलं रोप ट्रॉपिकलच घ्या. आपलं देशी निळं कुमुद, निम्फिया नूशाली, जे श्रीलंकेचं राष्ट्रीय फूल आहे, ते त्यातलंच. आणि नर्सरीत कमळ म्हणून दिलं तर पान बघा, चिरलेलं असून पाण्यावर टेकलेलं असेल तर लिली. कमळाचं पान अखंड गोल असतं आणि पाण्याच्या वर उठतं. दिसायला बहिणी वाटल्या तरी दोघींचं नातं लांबचं आहे, कमळ चिनारच्या जास्त जवळचं आणि लिली सपुष्प वनस्पतींच्या अगदी सुरुवातीच्या फांदीवरची.

खोलीचं पण तेच कारण. नवीन रोपाची पानं वर पोचेपर्यंत हवा सुरूच होत नाही, तोपर्यंत ते साठवलेल्या अन्नावर जगतं. म्हणून टबखाली विटा ठेवून सुरुवातीला कोंबावर 10-15 सेंटिमीटरच पाणी ठेवायचं, पानं आली की एकेक वीट काढत 30-45 सेंटिमीटरपर्यंत न्यायचं. पाच-सहा तास थेट ऊन हवंच, त्याशिवाय फुलं विसरा. कारंजं असेल तर लांब ठेवा, पानांवर सतत पाणी पडलं की छिद्रांवर पाणी साचतं. पिवळी पडलेली पानं काढून टाका नाहीतर ती तळाशी कुजतात, पण धडधाकट हिरवी पानं गर्दी झाली म्हणून एका दिवसात साफ करू नका.

खत पाण्यात कधीच टाकायचं नाही. युरिया तर नकोच, त्यातून अमोनिया होतो आणि मासे जातात, आणि जे उरतं ते शेवाळ खातं. हळू विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या कागदात गुंडाळून मुळांजवळ मातीत खोल दाबायच्या, मातीच्या वर आल्या नाही पाहिजेत.

माशांचा विषय जरा सांभाळून. लिली आहे म्हणजे पाण्यात ऑक्सिजन भरपूर, असं बरेच जण समजतात, पण तरंगणारं पान त्याचा बराचसा ऑक्सिजन वर हवेत सोडतं. पाण्यात ऑक्सिजन विरघळतोही कमी, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम आणि 30 अंशाला साडेसातच्या आसपास, म्हणजे एप्रिल-मे मधे आधीच तंगी. रात्री प्रकाश नाही, पण शेवाळ, झाडं, जिवाणू, मासे सगळे श्वास घेतच असतात, म्हणून सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे असतो. मासे सकाळी वर येऊन तोंड उघडताना दिसले तर ते हेच. त्यामुळे अर्ध्याच्या थोडं वरपर्यंत पृष्ठभाग पानांनी झाकू द्या, तेवढ्याने पाणी गार राहतं आणि शेवाळाला ऊन कमी मिळतं, पण सगळा झाकू नका. सोबत हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरियासारखी पाण्यात बुडून राहणारी वनस्पती ठेवा, ती ऑक्सिजन पाण्यातच सोडते. कोई मासे, म्हणजे ते मोठे रंगीत जपानी कार्प, असतील तर लिली वाचवणं कठीण, ते उकरतात आणि कोवळी पानं खातात. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी पुरतात, पण पुढेमागे नको झाले म्हणून ठाण्याच्या उपवन किंवा मासुंदा तलावात नेऊन सोडू नका, बाहेरचा मासा आहे तो.

पावसाळ्यात पॉन्ड भरून वाहतो तेव्हा मासेही वाहून जातात, म्हणून ओव्हरफ्लोला जाळी लावा. आणि धूर फवारणीची गाडी येणार असेल तर तेवढा वेळ पॉन्डवर प्लॅस्टिक टाका, त्यात बहुधा पायरेथ्रॉइड औषध असतं आणि ते माशांना फार विषारी. पानांवर मावा पडला तर त्याच कारणाने कीटकनाशक मारू नका, पाइपने धुऊन पाण्यात पाडा, मासे खातात.

फूल उमललं की रोज त्याच फुलाकडे बघा. ते तीन-चार दिवस उघडतं आणि मिटतं, पण प्रत्येक दिवशी सारखं नसतं. पहिल्या दिवशी मध्यभागी वाटीत पाणचट द्रव असतो आणि फूल फक्त मादी असतं, दुसऱ्या फुलातून आलेली मधमाशी त्यात घसरली की तिच्या अंगावरचे परागकण धुऊन निघतात, कधी कधी ती बुडतेही. दुसऱ्या दिवसापासून द्रव नसतो आणि पुंकेसर पराग सोडतात. रात्री फुलणाऱ्या जातींवर हेच काम मुख्यतः भुंगेरे करतात. फलन झालं की देठ वळून फळाला पाण्याखाली ओढतो आणि ते तिथेच पिकतं. बऱ्याच संकरित जातींना बी धरत नाही, पण देशी कुमुदाला धरतं. ते हवं असेल तर फळाला आधीच मलमलची पिशवी बांधून ठेवा, कारण फळ फुटल्यावर बिया थोडा वेळ तरंगतात, पॉन्डभर पसरतात आणि मग तळाशी जातात, तोपर्यंत गोल्डफिशने त्यातल्या किती खाल्ल्या ते सांगता येत नाही.