तोंड येणे

ओठांच्या आत, गालाला, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली दुखरे व्रण उठणे. आयुर्वेदातील संज्ञा मुखपाक. ‘तोंड आलंय’ या दोन शब्दांत वेगवेगळे आजार मावतात, म्हणून व्रण कुठे उठला, किती दिवस राहिला आणि किती दिवसांनी पुन्हा आला, हे आधी विचारावे लागते.

नेहमी आढळतो तो ॲफ्थस व्रण. आधी एक-दोन दिवस जागा चुरचुरते, मग मुगाएवढा खड्डा पडतो: मध्ये पिवळट, भोवती लाल कडा. आमटीचा घास जातो तेव्हा डोळ्यांत पाणी येते. १ सेंमीपेक्षा लहान व्रण ७ ते १४ दिवसांत आपोआप भरतो. तो संसर्गजन्य नाही. टाळूच्या कडक भागावर वा हिरडीवर बारीक फोडांचा पुंजका असेल, तर मात्र हर्पिस या विषाणूची शंका घ्यावी.

दाताची धारदार कड, जागरण, ताण ही निमित्ते. वारंवार तोंड येत असेल तर लोह, बी-१२ आणि फोलेट तपासतात. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणे नवे नाही. आजीचे ‘पोट बिघडलंय’ हे निदानही अगदीच टाकाऊ नाही, कारण सिलिएक व क्रोन या आतड्यांच्या विकारांत असे व्रण उठतात. जाईचा पाला चावणे, तूप लावणे हे उपाय घरोघरी चालतात. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध चाटवू नये.

लहान मुलांत घसा, व्रण आणि ताप ठरावीक अंतराने एकत्र येत असतील, तर पीएफएपीए हा आजार (लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव) आठवावा. १९८७ साली अमेरिकी डॉक्टरांनी त्याचे प्रथम वर्णन केले. सुरुवात बहुधा पाचव्या वर्षाच्या आत होते. दर ३ ते ६ आठवड्यांनी ताप चढतो, मानेच्या गाठी सुजतात, आणि चार-पाच दिवसांत मूल पुन्हा खेळू लागते. प्रत्येक वेळी ‘टॉन्सिल’ म्हणून अँटिबायोटिक दिले जाते; ताप उतरतो तो आपल्या वेळेने, श्रेय औषधाला जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तापाच्या तारखांना गोल केले, की निदान निम्मे होते. स्टिरॉइडच्या एका मात्रेने ताप बहुधा काही तासांत उतरतो; वाढत्या वयात आजार सहसा मावळतो. घशात स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणू सापडला तर गोष्ट वेगळी: तेथे औषध अर्धवट सोडल्यास संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात.

तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, विशेषतः तंबाखू, मिश्री वा गुटखा घेणाऱ्याचा, डॉक्टरांना दाखवावाच. सुपारी खाणाऱ्याला तिखट एकाएकी झोंबू लागले, तर स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का, ते पाहावे; मावत नसतील तर सुपारीने तोंड आतून आखडून उघडणे कमी झाल्याची शंका घ्यावी.