ओटा (सोलापूर)

घराचा उंबरा आणि गल्ली यांच्या मधला, जोत्याच्या उंचीचा दगडी चौथरा. महाराष्ट्रात तो सगळीकडेच असतो, पण सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, तो बसण्यापेक्षा कामासाठी बांधलेला दिसतो.

मुळाबद्दल एकमत होणं अवघड. कसब्यातल्या वाड्यांचं बघून बाकीच्या पेठांनी ओटा उचलला असं एक मत मांडता येतं. दुसरं असं की तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी गावाकडचा अरुगु (तेलुगूत ओटा) सोबत आणला. आणि कानडी मुलुख तर शेजारीच, तिथेही दारापुढे कट्टा असतोच, मग वेगळं मूळ शोधायचं कशाला असंही म्हणता येईल. विणकरांची काही घराणी पेशवाईत आली असावीत, पण मोठी भरती १९व्या शतकाच्या उत्तरार्धातली वाटते, म्हणजे १८६०ची रेल्वे, १८७६-७८चा दुष्काळ आणि १८७७ची ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी ह्यांच्या आगेमागे, त्यामुळे विणकर वस्तीतले आजचे ओटे बहुधा त्यानंतरचेच धरावे लागतात. विणकरांनी ओटा सोबत आणला हे दुसरं मत जास्त पटतं. वाडा आतल्या चौकाकडे तोंड करतो, रस्त्याला त्याची भिंत. विणकराच्या घरात पुढची खोलीच कारखाना.

त्या खोलीत खड्डा माग. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, म्हणजे त्याची नजर जमिनीपासून अडीचेक फुटांवर, आणि खिडकी तेवढीच खाली घेतली नाही तर सूत नीट दिसत नाही. आता पावसाचं पाणी खड्ड्यात उतरू नये म्हणून जोतं दोनेक फूट उचललेलं, तेव्हा गल्लीतून जाणारा माणूस आणि मागावरचा माणूस जवळजवळ नजरेला नजर येतात, हात न थांबवता गप्पा चालतात. (नवीन घरांच्या खिडक्या ह्या हिशेबाने कोणी लावत नाही.) पांजणी तर गल्लीतच व्हायची, ताणा, म्हणजे उभे धागे, लांबच्या लांब ताणून त्याला खळ लावायची, कुंचा फिरवायचा, त्याला सरळ मोकळी लांबी लागते, गल्ल्या सरळ असण्याचं एक कारण हे असू शकतं.

यंत्रमाग आले तशी पांजणी गल्लीतून गेली, खटखटाटामुळे दारंही लागली. ओटा मग विडीवाल्या बायकांकडे राहिला: मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, दोरा. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे उजेड असेपर्यंत बाहेरच. उन्हाळ्यात रात्री माळवदावर (मातीच्या सपाट छपरावर) नाहीतर इथेच झोपायचं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची (उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक निघाली की मार्गावरचे ओटे म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी.

नंतरच्या कॉलन्यांत सामासिक अंतर (घर आणि हद्द यांच्यामधली मोकळी जागा) सोडायचं आणि कंपाउंड घालायचं, ओट्याला जागाच नाही. जुन्या पेठांतही रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिला हातोडा त्याच्यावर, कारण तो बऱ्याचदा हद्दीबाहेर आलेला असतो. सोलापूरजवळच्या कुंभारीची विडी कामगारांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ची. तिथलीच ३०,००० घरांची रे नगर योजना मात्र मजली इमारतींची, त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४मध्ये दिली. मजली इमारतीत वरच्या दारापुढे गल्ली नसते, सामाईक पॅसेज असतो, आणि त्यात दोघीतिघींना सूप घेऊन बसता येईल एवढी रुंदी ठेवायची की नाही हे नकाशावरच ठरवावं लागतं, मागाहून भिंत सरकवता येत नाही.