शंभराच्या निर्यातीत घरचे किती?

स्लोवाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा अशी वसली आहे की तिची वेस एका अंगाने ऑस्ट्रियाला आणि दुसऱ्या अंगाने हंगेरीला भिडते. व्हिएन्ना तिथून जेमतेम 60 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जावे तितके. सुट्या भागांचा ट्रक सकाळी निघाला तर जेवणाच्या सुट्टीआधी परदेशात पोचतो, आणि त्यातला प्रत्येक नटबोल्ट ‘निर्यात’ म्हणून कागदावर चढतो. आपल्याकडे चाकणहून गुजरातेत साणंदला तोच माल गेला, तर शेकडो किलोमीटर धावूनही तो परदेश व्यापारात मोजला जात नाही. व्यापाराचे आकडे वाचताना हे आधी लक्षात घ्यायला हवे, कारण इथे मोजमाप होते ते सरहद्दीवर.

स्लोवाकियाची लोकसंख्या सुमारे 54 लाख. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. एवढ्या देशात वर्षाला सुमारे 10 लाख मोटारी तयार होतात. दरडोई हिशेबात जगात त्यांच्या पुढे कोणी नाही. फोक्सवॅगन ब्रातिस्लाव्हात 1991 मध्ये आली, किया आणि प्यूजोचे कारखाने 2006 मध्ये सुरू झाले आणि 2018 मध्ये नित्रा शहरात जग्वार लँड रोव्हरने कारखाना उघडला. ही कंपनी टाटांची, म्हणजे तिच्या मालकीचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

या देशाची वस्तू आणि सेवांची निर्यात त्याच्या जीडीपीच्या 90 टक्क्यांच्या आसपास असते. भारताचा हाच आकडा 20 टक्क्यांच्या थोडा वर. मग स्लोवाक माणसाच्या शंभरातले नव्वद युरो परदेशी गिऱ्हाइकाकडून येतात का? मुळीच नाही.

शिंप्याचे उदाहरण घेऊ. त्याने 700 रुपयांचे कापड आणले, शर्ट शिवला आणि 1,000 रुपयांना विकला. त्याची विक्री हजाराची, पण कमाई तीनशेची. जीडीपी ही कमाई मोजतो, त्याला मूल्यवर्धन म्हणतात. निर्यातीचा आकडा मात्र सगळी विक्री मोजतो, कापडासकट. म्हणजे या भागाकारात वर विक्री आणि खाली कमाई असते. म्हणूनच हे गुणोत्तर 100 च्या वरही जाऊ शकते. आयर्लंडचे जाते, आणि लक्झेंबर्गचे तर 200 च्या घरात असते. त्यात चमत्कार कसलाच नाही, फक्त कापड फार.

मोटारीत हे कापड किती? पोर्शची कायेन गाडी पाहा. 2002 पासून कित्येक वर्षे तिचा सांगाडा ब्रातिस्लाव्हात तयार होऊन, रंगून, रेल्वेने जर्मनीतल्या लाइपझिगला जाई. इंजिन बसवून गाडी पूर्ण व्हायची ती तिथे. सांगाडा स्लोवाकियाची निर्यात, पुढे तोच गाडीच्या पोटात बसून जर्मनीचीही निर्यात. 2017 मध्ये संपूर्ण जुळणी ब्रातिस्लाव्हात आली आणि स्लोवाकियाच्या निर्यातीत अख्खी गाडी मोजली जाऊ लागली, बाहेरून आलेल्या भागांच्या किमतीसकट. ही गुंतागुंत सोडवण्यासाठी ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संस्था ‘कोणत्या देशाने किती भर घातली’ याचा वेगळा हिशेब ठेवते. त्यानुसार स्लोवाकियाच्या शंभर युरोच्या निर्यातीत सुमारे 45 युरोचा ऐवज मुळात बाहेरचा असतो. उरलेल्यातला काही भाग परदेशी मालकांच्या नफ्याच्या रूपाने पुन्हा बाहेर जातो, तो हिशेब निराळाच.

लहान देश इतके उघडे का असतात, यामागे धोरण आहेच, पण त्याआधी साधे गणित आहे. चार माणसांचे कुटुंब जवळजवळ सगळे बाहेरून आणते. गावात निदान सुतार, गवंडी, किराणा दुकानदार असतात. देश मोठा होत जाईल तसतसे घरातल्या घरात भागते. आणि अख्खे जग घेतले तर निर्यात शून्य! मंगळावर अजून गिऱ्हाईक नाही.

मग हा व्यापार नेमका कोणाशी होतो? इथे एका पदार्थवैज्ञानिकाची गाठ पडते. नेदरलँड्सच्या यान टिनबर्गेन यांनी लायडनला पॉल एरेनफेस्ट यांच्या हाताखाली पदार्थविज्ञानात 1929 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि मग ते अर्थशास्त्राकडे वळले. 1962 मध्ये त्यांनी दाखवले की दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारानुसार वाढतो आणि अंतरानुसार घटतो. न्यूटनच्या नियमाची आठवण येणारच. फरक इतकाच की गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, तर व्यापार साधारण अंतराच्याच प्रमाणात, म्हणजे अंतर दुप्पट झाले की व्यापार जवळपास निम्मा. 1969 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पहिल्यांदाच दिले गेले, ते राग्नार फ्रिश आणि टिनबर्गेन यांना मिळून. कंटेनर जहाजे आली, इंटरनेट आले, तरी हा नियम मोडला नाही. मला तर अर्थशास्त्रातले याहून चिवट सूत्र सहसा आढळत नाही.

स्लोवाकियाजवळचा ‘जड ग्रह’ अर्थातच जर्मनी. निर्यातीचा सुमारे पाचवा हिस्सा तिकडे जातो. पण सरहद्द स्वतःही ओढ कमी करते, याचा जणू प्रयोगच 1 जानेवारी 1993 ला घडला. त्या दिवशी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. दोघांत जकात नव्हती, अंतर तेच, भाषा एकमेकांना समजणाऱ्या. सामाईक चलन मात्र फेब्रुवारीतच मोडले. तेव्हा स्लोवाकियाची सुमारे 40 टक्के निर्यात चेक प्रजासत्ताकाला जात होती. आज हा हिस्सा साधारण दहाव्या भागावर आला आहे. पश्चिमेची बाजारपेठ खुली झाली हे मोठे कारण, तरी कागदावरच्या नव्या रेघेचाही त्यात वाटा आहे.

उघड्या घरात वारा येतो तशी धूळही येते. 2009 मध्ये मोटारींची मागणी आटली आणि स्लोवाकियाचा जीडीपी सुमारे 5 टक्क्यांनी घसरला. त्याच जानेवारीत युक्रेनमार्गे येणारा रशियन वायू जवळपास दोन आठवडे बंद पडला, तेव्हा मोटार कारखान्यांनाही काम थांबवावे लागले. अशा वेळी सरकारने पैसा ओतला तरी त्यातला बराचसा आयातीच्या वाटेने बाहेर झिरपतो. उलट शेजाऱ्याने ओतलेला आत येतो. जर्मनीने त्या वर्षी जुनी गाडी भंगारात काढून नवी घेणाऱ्याला 2,500 युरो दिले, त्यासाठी 5 अब्ज युरोंची तरतूद केली. लोकांनी लहान गाड्या घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी स्लोवाकिया आणि चेक प्रजासत्ताकात तयार झालेल्या होत्या. जर्मन करदात्याचा पैसा असा सरहद्द ओलांडून आला.

सप्टेंबर 2025 मध्ये जग्वार लँड रोव्हरच्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधल्या कारखान्यांबरोबर नित्राचे कामही आठवडे थांबले. नित्रात तर यंत्र बिघडले नव्हते की माणूस संपावर गेला नव्हता.

आता लक्ष विजेच्या गाड्यांकडे आहे. पूर्वेला कोशित्सेजवळ व्होल्वोचा नवा कारखाना उभा राहतो आहे. कंपनी स्वीडिश, मालक चिनी. अशा गाडीत सगळ्यात महाग भाग असतो बॅटरीचा. ती जहाजाने आशियातून आली तर निर्यातीतल्या बाहेरच्या ऐवजाचा 45 चा आकडा आणखी फुगेल आणि जुळणीचे काम तेवढे हाती राहील. नित्राजवळच्या शुरानी गावी बॅटरी कारखाना उभारायला घेतला आहे, तो याच हिशेबाने.