नोंदवहीपासून सर्व्हरपर्यंत: गोव्यातील पालिकांच्या डिजिटल नोकरीची पार्श्वभूमी

पालिकेच्या डिजिटल कामात करिअर करू पाहणारी गोव्यातील तरुण मंडळी बहुधा २०१६ पासून हिशेब धरतात. त्या वर्षी मे महिन्यात पणजीची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि त्या कामासाठी ‘इमॅजिन पणजी’ ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. पण या नोकरीचा पाया त्याच्या कितीतरी आधी, नोंदवह्यांत घातला गेला आहे.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि पाठोपाठ गोव्यात सर्वधर्मीयांसाठी जन्म, विवाह, मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली, अर्थात पोर्तुगीजमध्ये. मुक्तीनंतर १९६८ चा नगरपालिका कायदा आला, १९६९ चा केंद्रीय जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला आणि दप्तर इंग्रजीत चालू लागलं. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही कायद्याने मुभा मिळाली. त्यामुळे आजोबा ‘कामोतीं’ आणि नातू ‘कामत’ अशी घराणी इथे सर्रास भेटतात. माणसाला हे नातं लगेच कळतं, संगणकाला ते दोन वेगळे लोक वाटतात. माझ्या मते इथल्या डिजिटल कामाची खरी कसोटी हीच आहे, आणि जुन्या वह्या वाचता येणारा कारकून त्यात प्रोग्रामरइतकाच मोलाचा आहे.

संगणकीकरणाला रेटा मिळाला तो मात्र हिशेबामुळे. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावलीने दुहेरी नोंद पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याची पद्धत, सांगितली. पुढच्याच वर्षी आलेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत पणजीचा समावेश होता, आणि त्या योजनेत ही लेखापद्धत व ई-गव्हर्नन्स या निधीसाठीच्या अटीच होत्या. घरपट्टी, व्यापार परवाने, दाखले अशी एकेक गोष्ट पडद्यावर येऊ लागली. २०२१ मध्ये राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियान आलं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला. आता नोंदीतली एक चूक मुलाला आयुष्यभर नडू शकते.

‘सोपो’ म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून पालिका घेते ती फी. तिचं गणित आणखी वेगळं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विक्रेत्यांना ना कायमचा गाळा, ना खाते क्रमांक. त्यांच्यासाठी पावतीची पद्धत आखायची तर आधी सकाळी बाजारात जाऊन उभं राहावं लागेल.

पणजी ही राज्यातली एकमेव महानगरपालिका, बाकी १३ नगरपालिका. स्मार्ट सिटी योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. योजनेपुरती, कंत्राटावर घेतलेली माणसं मुदत सरली की निघून जातात आणि शिकलेलं सगळं सोबत नेतात. म्हणून ही पदं पालिकांच्या स्वतःच्या आस्थापनेवर, बढतीच्या पायऱ्यांसह हवीत. म्हापसा, फोंडा, वाळपई, काणकोण इथेही.