खाडीला सातबारा नसतो : कोकणातील प्रकल्पवादांची पार्श्वभूमी

१९९३ साली रत्नागिरीत स्टरलाइट कंपनीच्या तांबे वितळवण्याच्या कारखान्याचे काम सुरू होते, तेव्हा गावाचे म्हणणे ऐकून घेण्याची कायदेशीर सक्तीच नव्हती. हापूसचे बागायतदार आणि शेतकरी रस्त्यावर उतरले, जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवले आणि पुढे तो कारखाना तमिळनाडूतील तुतिकोरीनला गेला. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना जानेवारी १९९४ मध्ये निघाली. जनसुनावणी बंधनकारक व्हायला मात्र १९९७ उजाडले.

२००६ च्या सुधारित अधिसूचनेने सुनावणीची रीत बांधून दिली. किमान ३० दिवसांची सूचना, स्थानिक भाषेतील सारांश आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीचे अध्यक्षपद या गोष्टी तेव्हापासून ठरल्या आहेत. परंतु अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे शुल्क कंपनीच देते, आणि मूळ अडचण त्याहूनही जुनी आहे. कंपनी बोलणी करते ती ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्याशी. कोकणात खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, १९४९ च्या कायद्याने संपली, तरी कुळांच्या नोंदींचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. अनेक खातेदार मुंबईत असतात. आणि सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हटलेला कातळाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, गावाच्या गुरांचे चरण्याचे रान असतो. खाडीला आणि समुद्राला तर सातबाराच नसतो.

जैतापूरमध्ये हे फार स्पष्टपणे दिसले. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांसाठी माडबन आणि आसपासच्या गावांची जमीन संपादित झाली, मे २०१० मध्ये माडबनला जनसुनावणी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. भरपाईची चर्चा जमीनधारकांभोवतीच फिरली. जवळच्या साखरी नाटे येथील मच्छीमारांची चिंता वेगळी होती: भट्ट्या थंड करून समुद्रात परत सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल, आणि सुरक्षेच्या नावाखाली होड्यांची वाट अडेल. हेक्टरी दर कितीही वाढवला, तरी या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. एप्रिल २०११ मध्ये तेथील आंदोलनावर गोळीबार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला.

लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीखालच्या दाभोळ खाडीतील भोई समाजाची तक्रारही याच प्रकारची आहे: ती जमिनीची नाही, खाडीची आहे.

वेगळा मार्ग डहाणूत दिसतो, आणि तो कोकणाने नीट अभ्यासावा असे मला मनापासून वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. चिकूच्या बागांवर औष्णिक वीजकेंद्राच्या धुराचा परिणाम होतो ही तक्रार प्राधिकरणाने वर्षानुवर्षे लावून धरली. गंधकाचे वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश १९९९ मध्ये झाला आणि ती २००७ मध्ये बसली. वेळ लागला खरा, पण दाद मागायला जागा होती.

राजापूर तालुक्यात ती नव्हती. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादन अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली आणि पुढे बारसू-सोलगावचे नाव आले. जनसुनावणीची पायरी मूल्यांकनाचा मसुदा तयार झाल्यावर येते. त्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची यंत्रे पोलीस बंदोबस्तात बारसूच्या सड्यावर, प्राचीन कातळशिल्पांच्या परिसरात पोचली, तेव्हा विरोधासाठी तेथे जमलेल्या महिलांना आपले म्हणणे अधिकृतपणे नोंदवण्याची वेळ कायद्याच्या क्रमात अजून आलेलीच नव्हती.