हातात की मनात? संमोहनाच्या अभ्यासामागचा गोमंतकीय धागा

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. पुढे झुकून दोन्ही पंजे पसरलेला धर्मगुरू आणि त्यापुढे भान हरपून कोसळणारी स्त्री. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. शिल्प जोरकस आहे, पण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची दिशाभूल करणारे. पाहणाऱ्याला वाटते की त्या पंजांतून काहीतरी बाहेर पडते आहे. फारियांनी उभ्या आयुष्यात जे ठासून नाकारले, ते नेमके हेच. अकरावी-बारावीला ‘सूचनशीलता’ (दुसऱ्याच्या सूचनेने प्रभावित होण्याची प्रवृत्ती) हा शब्द भेटतो, त्याची पार्श्वभूमी या वादात आहे.

हातांतून प्रवाह वाहतो हे मत फ्रान्झ मेस्मर यांचे. व्हिएन्नाहून १७७८ मध्ये पॅरिसला आलेल्या या वैद्यांच्या मते विश्वात एक सूक्ष्म द्रव पसरलेला असतो, आजार म्हणजे शरीरातल्या त्या द्रवाचा तुंबारा आणि योग्य माणसाचा हात फिरला की तो मोकळा होतो. त्यांच्या दालनात पाण्याने आणि लोहकिसाने भरलेली लाकडी टाकी असे. तिच्यातून निघालेल्या लोखंडी सळया रुग्ण दुखऱ्या भागावर धरत. कुणी रडे, कुणाला झटके येत, काहींना खरोखर बरेही वाटे.

१७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए, खगोलशास्त्रज्ञ बाय्यी अशी माणसे त्यात होती. प्रयोगपद्धती शिकवताना या आयोगाच्या कामाला निदान एक तास द्यावा, इतके ते मोलाचे आहे. फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मर यांचे शिष्य देस्लाँ यांनी जर्दाळूचे एक झाड ‘भारले’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकामागून एक अशा दुसऱ्याच झाडांपाशी नेले. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड तिथून चोवीस फूट लांब होते! झाड भारलेले असणे आणि ते भारलेले आहे असे वाटणे ही दोन परिवर्तके, म्हणजे बदलणारे घटक, आयोगाने अशी सुटी केली. परिणाम दिसला तो दुसऱ्याचा. ‘प्रयुक्ताला (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला) माहिती न देता चाचणी’ या पद्धतीचा हा फार जुना आणि फार स्वच्छ नमुना. आयोगाने मात्र ‘ही तर कल्पनाशक्ती’ असे म्हणून फाइल बंद केली. नुसत्या कल्पनेने माणूस कोसळतो कसा, हा खरा प्रश्न होता आणि तो तसाच राहिला.

तो उचलला जोझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच पुतळ्यातल्या आबे फारियांनी. जन्म १७५६, कांदोळी, वडील कोलवाळचे. १७७१ साली वडिलांबरोबर ते लिस्बनला पोचले, रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले आणि १७८८ पासून फ्रान्समध्ये राहिले. प्रवचनात अडखळलेल्या मुलाला वडिलांनी कोकणीत ‘कातर रे भाजी’ (समोरचे सगळे भाजीच समज, काप!) म्हणून धीर दिला, ही आख्यायिका गोव्यात सगळ्यांना पाठ असते. वर्गात रंगत आणायला ती बरी, पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही. पुरावा आहे तो १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी घेतलेल्या जाहीर प्रयोगांचा आणि १८१९ साली, मृत्यूच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ग्रंथाचा.

त्यांची रीत साधी होती. व्यक्तीला खुर्चीत निवांत बसवायचे, डोळे मिटून फक्त झोपेचा विचार करायला सांगायचे आणि थोड्या शांततेनंतर मोठ्याने आज्ञा द्यायची, ‘झोपा!’ परिणाम झाला नाही तर आज्ञा पुन्हा द्यायची. तरीही नाही जमले तर उघडा पंजा डोळ्यांजवळ आणायचा किंवा कपाळाला स्पर्श करायचा. म्हणजे हात होता, पण लक्ष एकवटण्याची खूण म्हणून. ही झोप, म्हणजे आजच्या भाषेत संमोहन, देणाऱ्याकडून येत नाही, घेणाऱ्याच्या मनात घडते, हे त्यांचे मुख्य विधान. शिवाय प्रत्येकाला ती सारखी लागत नाही, हेही त्यांनी नोंदवले. कारण शोधताना मात्र ते घसरले: ज्यांचे रक्त पातळ, त्यांना ही झोप लवकर लागते असे त्यांनी मानले. निरीक्षण अचूक, स्पष्टीकरण चुकीचे. विज्ञानाच्या इतिहासात हे नेहमीचेच.

पुढे मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी १८४१ पासून डोळ्यांपासून आठ ते पंधरा इंचांवर, थोडी वर चकाकती वस्तू धरून तिच्याकडे एकटक बघायला लावले. आधी त्यांना हा डोळ्यांच्या थकव्याचा परिणाम वाटला; नंतर एकाच कल्पनेवर खिळलेले लक्ष हे कारण त्यांनी मानले. पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी मात्र संमोहन हे हिस्टेरिया या मानसिक विकाराचे लक्षण ठरवून त्याच्या तीन ठरावीक अवस्था मांडल्या. त्यांच्या रुग्णांना या अवस्था आधीच ठाऊक असत. वैद्य त्यांच्यादेखत चर्चा करत. त्यामुळे अपेक्षित तेच दिसे. फ्रान्समधल्याच नान्सी शहरातले वैद्य बर्नहाइम यांनी हे खोडून काढले, सगळा भर सूचनेवर दिला आणि तिचे श्रेय फारियांना उघडपणे दिले. कोण किती संमोहित होतो याच्या मोजमापाला विसावे शतक उजाडले. १९५९ साली मानसशास्त्रज्ञ वाइत्सेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी स्टॅनफर्डची बारा कृतींची श्रेणी तयार केली. ठरावीक मजकूर वाचायचा, प्रतिसाद दिसला की एक गुण. बहुतेक लोक मधल्या गुणांत बसतात, थोडे अगदी वर, थोडे अगदी खाली.

हायर सेकंडरीच्या प्रात्यक्षिकात संमोहन करून बघू नये. ते प्रशिक्षित व्यक्तीचे काम. सूचनेचा परिणाम पाहायला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्ये वर्णन केलेला लोलक पुरतो. तीस सेंटिमीटर दोरा आणि एक जड नट किंवा अंगठी घ्यावी. कागदावर दहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून त्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा आखाव्यात. प्रयुक्ताने कोपर टेबलावर टेकून दोरा अंगठा आणि तर्जनीत धरावा, मनगट मोकळे ठेवावे, वजन कागदापासून दोन सेंटिमीटर वर असावे. हात मुद्दाम हलवायचा नाही, एका रेषेवरची हालचाल फक्त मनात आणायची. बहुतेकांचा लोलक थोड्या वेळात हलू लागतो. डोळे बांधले की हालचाल घटते, आणि दोरा धरलेल्या बोटांनाच आधार दिला तर थांबते. शेव्हरलनाही हेच आढळले होते. बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. पंखा चालू राहतो, शेजारी बसलेले आधीच हसून निकाल सांगून टाकतात, किंवा सूचना एकाला उत्साहाने आणि दुसऱ्याला कंटाळून दिली जाते. पहिल्या दोन चुका लगेच लक्षात येतात. तिसरीसाठी सूचना कागदावर लिहून प्रत्येकाला त्याच शब्दांत, त्याच गतीने वाचून दाखवावी. नाहीतर मोजली जाते ती प्रयोगकर्त्याची हौस.