कॉन्स्टन्स बेकर मॉटली

कॉन्स्टन्स बेकर मॉटली (१९२१–२००५) या अमेरिकेतल्या वकील, नंतर आमदार आणि शेवटी जज. फेडरल (म्हणजे केंद्राच्या कोर्टातली) जज झालेली पहिली कृष्णवर्णीय महिला म्हणून नाव घेतलं जातं, पण खरी कमाई वकिलीतली.

जन्म कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा, आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, वडील येल युनिव्हर्सिटीत स्वयंपाकी. कॉलेजला पैसे नव्हते, पण एका सभेतलं त्यांचं भाषण ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाच्या गोऱ्या व्यावसायिकाने फीची जबाबदारी घेतली आणि १९४६ मध्ये कोलंबियातून लॉ झालं. थर्गूड मार्शल या नामवंत कृष्णवर्णीय वकिलाच्या हाताखाली त्या एनएएसीपीच्या (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) लीगल डिफेन्स फंडात, म्हणजे कोर्टातल्या लढाया लढणाऱ्या शाखेत, आधीच काम करायला लागल्या होत्या. सुप्रीम कोर्टात १० केसेस लढल्या, ९ जिंकल्या. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला १९६२ मध्ये तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या मिसिसिपी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला तो यांच्याच वकिलीवर.

राजकारण थोडक्यात आटोपलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या (आपली विधान परिषद म्हणा, फक्त तिथे लोक थेट मत देतात), पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट (म्हणजे त्या भागाच्या निवडून दिलेल्या प्रमुख), आणि जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी फेडरल जजसाठी नाव मंजुरीला केंद्राच्या सिनेटकडे पाठवलं. ते अडवून धरलं तिथल्या ज्युडिशियरी कमिटीचे (जजची नावं तपासणारी समिती) चेअरमन सिनेटर ईस्टलंड यांनी, हे मिसिसिपीचेच, ज्या राज्याला बाईंनी कोर्टात हरवलं होतं, त्यामुळे राग कशाचा ते वेगळं सांगायला नको. शेवटी ऑगस्टमध्ये मंजुरी आली.

जज म्हणून एक किस्सा सांगायलाच हवा. १९७५ मध्ये एका मोठ्या लॉ फर्मवर महिलांशी भेदभाव केल्याची केस त्यांच्यापुढे आली, तर फर्मचं म्हणणं की तुम्ही कृष्णवर्णीय, त्यात बाई, त्यात पूर्वी अशाच केसेस लढलेल्या, तेव्हा बाजूला व्हा. त्यांनी उत्तर दिलं की वर्ण आणि लिंग तर प्रत्येकच जजला असतं, मग या कोर्टातला कुणीच ही केस चालवू शकणार नाही. झाल्या नाहीत बाजूला.

१९७८ मध्ये बेसबॉलच्या यँकी स्टेडियममधल्या लॉकर रूममध्ये महिला पत्रकारांना पुरुष पत्रकारांसारखाच प्रवेश द्या असा निकाल त्यांनीच दिला, त्यावर बरीच आरडाओरड झाली. १९८२ ते १९८६ त्या आपल्या कोर्टाच्या चीफ जज, त्यानंतर सीनियर जज (म्हणजे अर्धनिवृत्त, कमी कामाच्या), आणि ते पद २००५ मध्ये वारल्या तोपर्यंत होतं.